काउंटने चालवलेला शेतकऱ्यांचा पक्ष

स्वीडनच्या जुन्या संसदेत उमराव, धर्मगुरू, शहरवासी आणि शेतकरी अशी चार वेगवेगळी सभागृहं होती. पंतप्रधानपदाचं काम पाहणाऱ्या लुई दे येर यांनी 1866 मध्ये ही व्यवस्था मोडून दोन सभागृहांची संसद आणली. वरचं सभागृह धनिकांकडे राहिलं. खालच्या सभागृहासाठी मत द्यायला ठरावीक मालमत्ता किंवा उत्पन्न लागे, त्यामुळे मजुरांना वाव नव्हता. जमीन बाळगून असलेले शेतकरी मात्र तिथे मोठ्या संख्येने पोचले आणि 1867 मध्ये त्यांनी लांटमान्ना पक्ष उभा केला. नेता कोण, तर काउंट आर्विद पोस्से, स्कोने प्रांतातला बडा जमीनदार!

पक्षाची गाऱ्हाणी मुख्यतः दोन. उमरावांच्या जमिनी आपल्याकडच्या इनामांसारख्या बहुतांशी करमुक्त होत्या. शेतसारा भरायचा तो इतरांनी. दुसरं, काही शेतांचा गट मिळून एक सैनिक पोसायचा, त्याला झोपडी आणि जमिनीचा तुकडा द्यायचा, ही सतराव्या शतकातली पद्धत. सरकारला नव्या धर्तीचं लष्कर हवं होतं, तेव्हा शेतकऱ्यांनी अट घातली: आधी हे दोन बोजे उतरवा. 1873 मध्ये तत्त्वतः तडजोड झाली, पण अंमलबजावणी रखडली. पोस्से 1880 मध्ये पंतप्रधान झाले आणि तीन वर्षांनी लष्कराच्याच प्रश्नावर पायउतार झाले. उरलेला शेतसारा टप्प्याटप्प्याने रद्द करायचं ठरलं ते 1892 मध्ये. सैनिक पोसण्याची पद्धत मोडीत निघायला 1901 उजाडलं.

दरम्यान अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य येऊ लागलं. आयात कर लावावा की नाही यावरून 1888 मध्ये पक्ष फुटला: जुना गट खुल्या व्यापाराचा, नवा गट आयात कर लावून देशी शेतीला संरक्षण देण्याचा. याच्या आदल्याच वर्षी एक अजब प्रकार घडला होता. स्टॉकहोममध्ये खुल्या व्यापारवाद्यांनी सर्व 22 जागा जिंकल्या. पण त्यांच्यातल्या उलोफ लार्सन यांची 11 क्रोनर 58 ओरे एवढी कराची थकबाकी निघाली. एकाच मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांची नावं असत, त्यामुळे त्यांचं नाव असलेल्या सगळ्या मतपत्रिका बाद झाल्या, 22 जागा विरोधकांना गेल्या, खालच्या सभागृहातलं पारडं फिरलं. धान्यावर कर लागला.

दोन्ही गट 1895 मध्ये पुन्हा एक झाले. 1912 मध्ये पक्ष उजव्या आघाडीत विलीन झाला. लहान शेतकऱ्यांनी पुढच्याच वर्षी वेगळी चूल मांडली, 'बोंदेफोरबुंडेट' म्हणजे शेतकरी संघ. आजचा सेंटर पक्ष तो हाच.