शापुरजी सकलातवाला
सकलातवाला, शापुरजी दोराबजी : (२८ मार्च १८७४–१६ जानेवारी १९३६). ब्रिटिश पार्लमेंटमधील कम्युनिस्ट खासदार. जन्म मुंबईच्या पारशी कुटुंबात. जमशेटजी टाटा हे त्यांचे सख्खे मामा. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा त्यांनी मदतकार्य केले. नंतर टाटांसाठी लोखंड व कोळशाच्या शोधात जंगले पालथी घातली. १९०५ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे सारा मार्श यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९२१ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात आले. १९२२ साली लंडनच्या उत्तर बॅटरसी या कामगारवस्तीच्या मतदारसंघातून मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून आले. पुढच्याच वर्षी अवघ्या १८६ मतांनी पडले. १९२४ मध्ये मात्र उघडपणे कम्युनिस्ट उमेदवार म्हणून ती जागा त्यांनी परत मिळवली. त्यांच्याआधी कॉमन्स सभेत गेलेले दादाभाई नौरोजी उदारमतवादी, तर मंचरजी भावनगरी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे. तिघेही पारशी, पण साम्राज्य मोडलेच पाहिजे असे सभागृहात ठणकावणारे सकलातवालाच. त्यांचा मुद्दा सरळ होता : हिंदुस्थानातल्या गिरणी आणि ताग कामगाराला तुटपुंजी मजुरी मिळते, म्हणून इंग्लंडमधल्या कामगाराचीही मजुरी घसरते, तेव्हा दोघांचा लढा एकच. बॅटरसीच्या मतदारांना हे पटवून देणे सोपे नव्हते. ते त्यांनी करून दाखवले, हे त्यांचे सर्वांत मोठे काम मानावे लागेल.

१९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर हाइड पार्कमधील मे दिनाच्या सभेत, सैनिकांनी कामगारांवर गोळ्या झाडू नयेत, असे आवाहन त्यांनी केले. त्याबद्दल अटक झाली. चांगल्या वर्तणुकीची हमी देण्यास नकार दिल्याने दोन महिन्यांचा तुरुंगवास भोगावा लागला.

१९२७ च्या आरंभी ते हिंदुस्थानात आले. ठिकठिकाणी मोठ्या सभा झाल्या. गांधीजींशी त्यांचा जाहीर पत्रव्यवहार झाला. खादीपेक्षा कामगार-शेतकऱ्यांच्या संघटना उभारा, लोकांना पाया पडू देऊ नका, असे त्यांनी बजावले. गांधीजींनी ते मान्य केले नाही. त्याच वर्षी आपल्या मुलांचा नवजोत (पारशी धर्मातील दीक्षाविधी) त्यांनी लंडनमध्ये केला व पक्षाचा ठपका ओढवून घेतला. पक्षशिस्त आणि घराण्याचा धर्म यांत त्यांना विसंगती वाटली नाही.

या दौऱ्यानंतर सरकारने त्यांना मायदेशाची दारे बंद केली. १९२९ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षानेही बंदी कायम ठेवली. त्याच वर्षी निवडणुकीतही त्यांचा पराभव झाला होता. लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांशी लढलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीला सुरुवातीला त्यांचेच नाव देण्यात आले होते.