जपानचे बेसबॉल आणि शाळेच्या मैदानातली काळी माती

लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळले जाणार, ही बातमी आपल्याकडे पानटपरीपर्यंत पोचली. त्याच निर्णयाने बेसबॉल आणि सॉफ्टबॉलही परत येत आहेत, हे मात्र फारशा कुणाच्या कानावर गेले नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ती मोठी बातमी होती. आमच्या शाळेच्या मुली सॉफ्टबॉल, म्हणजे मोठ्या चेंडूने आणि लहान मैदानावर खेळायचा बेसबॉलचाच प्रकार, खेळतात. पावसाळ्यात मैदानाला वापसा येईपर्यंत थांबतात, उन्हाळ्यात जमिनीच्या भेगा बुजवून घेतात आणि मग फक्कीने डायमंड, म्हणजे खेळाचा चौकोन, आखतात. या मुलींना मी गेली काही वर्षे जपानच्या संघाचे व्हिडिओ दाखवतो. एकदा एका मुलीने विचारले, "सर, हे पोरं रडून राहिले अन् माती काहून भरून राहिले?" तिला तेव्हा दिलेले उत्तर तोकडे होते. पूर्ण उत्तर असे आहे.

जपानमध्ये बेसबॉल आला तो शाळेतून. १८७२ च्या सुमारास टोकियोतल्या एका शाळेत शिकवायला आलेल्या होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकाने मुलांच्या हाती बॅट दिली. पुढे १८९६ मध्ये टोकियोच्या 'इचिको' या शाळेच्या मुलांनी योकोहामातल्या परदेशी क्लबच्या अमेरिकी संघाला २९-४ असे हरवले. तेव्हा राष्ट्रीय संघ नावाची गोष्टच नव्हती. तरी जपानच्या बेसबॉलमधला पहिला अविस्मरणीय दिवस मी हाच मानतो, आणि तो शाळकरी पोरांनी आणला होता.

१९१५ पासून तिथे माध्यमिक शाळांची देशव्यापी स्पर्धा भरते. १९२४ मध्ये तिच्यासाठी कोशिएनचे मैदान बांधले आणि स्पर्धेला मैदानाचेच नाव पडले. प्रत्येक प्रांतातून जिंकून आलेली शाळा तिथे पोचते. एक सामना हरला की घरी. हरलेली मुले मैदानातली माती पिशवीत भरून नेतात, आमच्या मुलीने पाहिले ते हेच. ती माती काळी असते, वाळू मिसळलेली. आमच्या पऱ्हाटीच्या वावरातली माती पाहत वाढलेल्या मुलींना हे सांगितले तेव्हा त्या एकदम शांत झाल्या.

या मातीची एक गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. १९५८ मध्ये ओकिनावाची शुरी शाळा पहिल्यांदा कोशिएनला आली. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. मुले पहिलाच सामना हरली, रीतीप्रमाणे माती घेऊन निघाली. बंदरावर उतरल्यावर अधिकाऱ्यांनी ती माती बाहेरच्या मुलखातली म्हणून, रोगकिडीच्या नियमाखाली टाकून द्यायला लावली. ही हकीकत कळल्यावर जपानी विमान कंपनीतल्या हवाई सेविकांनी कोशिएनचे छोटे दगड गोळा करून शाळेला पाठवले. दगडांना तो नियम लागू नव्हता. ते दगड आजही शाळेच्या आवारातल्या स्मारकात बसवलेले आहेत.

राष्ट्रीय संघाचा इतिहास सांगताना मी शाळेत इतका वेळ थांबलो, कारण पुढचे सगळे तिथूनच निघते. १९३४ मध्ये बेब रूथ, लू गेरिग असे दिग्गज घेऊन अमेरिकी संघ जपानला आला. २० नोव्हेंबरला शिझुओकाच्या मैदानावर त्यांच्यासमोर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून उभा राहिला १७ वर्षांचा एइजी सावामुरा. या दौऱ्यासाठी त्याने शाळा सोडली होती. त्याने गेरिंजर, रूथ, गेरिग आणि फॉक्स या चौघांना ओळीने स्ट्राइक-आऊट, म्हणजे तीन स्ट्राइकवर (हुकलेल्या संधींवर) बाद केले. गेरिगच्या एका होमरनमुळे, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेल्या फटक्यामुळे, जपान ०-१ ने हरले, पण जपानी माणूस आजही त्या मुलाचीच आठवण काढतो. पुढे युद्ध आले. सावामुराला सैन्यात जावे लागले आणि १९४४ मध्ये सैनिकांना नेणारे जहाज बुडून तो गेला. तिथल्या वर्षातल्या उत्तम पिचरला मिळणारा पुरस्कार त्याच्या नावाचा आहे.

ऑलिंपिकची वाट लांब होती. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला बेसबॉल प्रदर्शनी खेळ होता, तेव्हा जपानने अंतिम सामन्यात अमेरिकेला तिच्याच घरी हरवले. १९९२ पासून अधिकृत पदके मिळू लागली आणि जपानच्या वाट्याला कांस्य, रौप्य, मग २००० मध्ये काहीच नाही, असे येत गेले. २००४ च्या अथेन्ससाठी जपानचे गाजलेले माजी खेळाडू शिगेओ नागाशिमा प्रशिक्षक होते. काही महिने आधी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते जाऊ शकले नाहीत. संघ कांस्य घेऊन परतला.

२००८ चे बीजिंग मी मुलींना मुद्दाम सांगतो. जी. जी. सातो हा एरवी उजव्या बाजूला उभा राहणारा क्षेत्ररक्षक तिथे डावीकडे खेळत होता. उपांत्य सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याच्या हातून सोपा झेल सुटला. दुसऱ्या दिवशी कांस्यपदकाच्या सामन्यात अमेरिकेविरुद्ध पुन्हा सुटला. जपान चौथे आले आणि सगळा राग त्याच्यावर निघाला. झेल सुटलेल्या मुलीवर मैत्रिणी चिडल्या की मी हीच गोष्ट काढतो, आणि जोडीला पुढचीही. त्याच हरलेल्या संघात आत्सुनोरी इनाबा होते. २०२१ मध्ये तेच प्रशिक्षक होते आणि ७ ऑगस्टला योकोहामात अमेरिकेला २-० ने हरवून जपानने आपले पहिले अधिकृत ऑलिंपिक सुवर्ण घेतले.

मधल्या काळात २००६ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही राष्ट्रीय संघांची जागतिक स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच स्पर्धेत जपान कोरियाकडून दोनदा हरूनही उपांत्य फेरीत पोचले, तिथे कोरियालाच ६-० ने हरवले आणि अंतिम सामन्यात क्युबाला १०-६ ने. २००९ च्या अंतिम सामन्यात पुन्हा कोरिया समोर, नऊ डावांत बरोबरी म्हणून दहावा डाव, आणि स्पर्धाभर चाचपडणाऱ्या इचिरो या नामवंत फलंदाजाच्या एका फटक्यावर दोन धावा. जपान ५-३ ने जिंकले.

२०२३ चा शेवट तर आमच्या गावातही मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिला गेला. मायामीत अंतिम सामना, जपान ३, अमेरिका २, नववा डाव, दोन आऊट. पिचर शोहेई ओहतानी आणि समोर माइक ट्राउट. दोघेही तेव्हा एरवी एकाच क्लबकडून खेळत. तीन बॉल, दोन स्ट्राइक झाले, म्हणजे आणखी एक स्ट्राइक की खेळ संपला, आणि ओहतानीचा स्लायडर, म्हणजे ऐनवेळी वळणारा चेंडू, ट्राउटच्या बॅटपासून लांब वळून गेला. जपान विजेते. हा ओहतानी उत्तरेकडच्या इवाते प्रांतातला. शाळेत असताना तो दोनदा कोशिएनला गेला आणि दोन्ही वेळा पहिल्याच सामन्यात हरून परतला.

आमच्या मुलींच्या जवळचा इतिहास मात्र जपानच्या मुलींचा आहे. २००८ मध्ये सॉफ्टबॉलचे सुवर्ण जिंकताना युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले. सॉफ्टबॉल पुढच्या ऑलिंपिकमधून वगळला गेला. तेरा वर्षांनी तो परतला तेव्हा उएनो तिथेच होती, आणि सुवर्णही. मुलींच्या बेसबॉल विश्वचषकात जपान २००८ ते २०२४ सलग सात वेळा विजेते ठरले. त्यातल्या २०१६ च्या, कोरियात झालेल्या स्पर्धेत भारताच्या मुलींचा संघही उतरला होता. आणि ज्या कोशिएनवर शतकभर मुलांचेच सामने रंगले, तिथे शाळकरी मुलींचा अंतिम सामना पहिल्यांदा झाला तो २०२१ मध्ये.

२०२३ च्या शेवटी ओहतानीने जपानमधल्या प्रत्येक प्राथमिक शाळेला तीन ग्लोव्ह देण्याचे जाहीर केले. शाळा सुमारे वीस हजार, ग्लोव्ह सुमारे साठ हजार. तीनपैकी दोन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आणि एक डावखुऱ्या मुलासाठी. हे वाचून दाखवले तेव्हा आमची पिचर माझ्याकडे पाहत राहिली. ती डावखुरी आहे. शाळेकडे डावखुऱ्यांचा ग्लोव्ह नाही, म्हणून ती नेहमीचाच ग्लोव्ह उलटा करून उजव्या हातात घालते, अंगठ्याच्या जागी करंगळी.