पेशीभित्तिकेतील कर्बोदके आणि वनस्पतींचे कीडसंरक्षण

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती कर्बोदकांचे आवरण असते. त्याला पेशीभित्तिका म्हणतात. अळीने पान कुरतडले की भित्तिका फुटते आणि तिच्यातील लांब शर्करासाखळ्यांचे तुकडे मोकळे होतात. हे तुकडेच शेजारच्या पेशींना धोक्याची वर्दी देतात. भित्तिकेला नुसती तटबंदी समजणे त्यामुळे अपुरे ठरते. तटाचा ढासळलेला चुराही झाडाच्या उपयोगी पडतो.

भित्तिकेत सेल्युलोजचे धागे, त्यांना जोडणारी हेमिसेल्युलोजे आणि मधली जागा भरणारे पेक्टिन असते. पेरूची जेली आळते ती याच पेक्टिनमुळे. पेक्टिनचा मोठा भाग गॅलॅक्ट्युरॉनिक अम्लाच्या सरळ साखळ्यांचा असतो. त्या तुटून होणाऱ्या तुकड्यांना ऑलिगोगॅलॅक्ट्युरोनाइडे म्हणतात आणि या विषयातील सर्वाधिक अभ्यास त्यांचाच झाला आहे.

या शोधाचा धागा टोमॅटो-बटाट्याच्या पानांपासून सुरू होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात क्लॅरेन्स रायन आणि ग्रीन यांनी १९७२ मध्ये दाखवले, की भुंगेऱ्याने एक पान खाल्ले तरी न खाल्लेल्या पानांतही प्रथिनरोधके साठतात. ही द्रव्ये किड्याच्या आतड्यातील ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन यांसारखी प्रथिने पचवणारी विकरे (एन्झाइमे) अडवतात. अळीचे पोट भरते, पण अन्न अंगी लागत नाही आणि तिची वाढ खुंटते. मुंबईतल्या एखाद्या बाल्कनीत कुंडीतला टोमॅटो अळीने खाल्ला, तर त्याच्या पानांतही हेच घडते. रोधके तयार करवणारा पदार्थ शोधत गेल्यावर हाती लागले ते पेक्टिनचे तुकडे. मात्र ते झाडात दूरवर प्रवास करत नाहीत, मग लांबच्या पानाला वर्दी कशी पोहोचते? उत्तराचा एक भाग १९९१ मध्ये मिळाला : सिस्टेमिन हे १८ अमिनो अम्लांचे लहानसे पेप्टाइड आणि त्याच्या जोडीला जॅस्मोनिक अम्ल हे वनस्पतींचे संप्रेरक.

तुकड्याची लांबी फार महत्त्वाची. साधारण १० ते १५ घटकांचे तुकडे सर्वांत प्रभावी. फार आखूड झाले की परिणाम बहुधा ओसरतो. बुरशी आणि काही कीटक पेक्टिन कापणारी विकरे सोडतात. झाडाच्या भित्तिकेत अशा विकरांना आवर घालणारी प्रथिने असतात. त्यांच्यामुळे कापणी मंदावते आणि तुकडे वर्दी देण्याइतके लांब राहतात. शत्रूच्याच हत्यारातून इशारा घडवण्याची ही योजना मला या साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

पुढची साखळी वेगवान असते. पेशीत कॅल्शियम शिरते, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, इशारा पुढे नेणारी किनेज विकरे जागी होतात आणि संरक्षक जनुके कामाला लागतात. हे तुकडे पेशीवरचा नेमका कोणता ग्राही (इशारा टिपणारे प्रथिन) ओळखतो, यावर मात्र एकमत नाही. भित्तिकेशी जोडलेल्या किनेजांचे नाव बरीच वर्षे पुढे होते. अलीकडच्या प्रयोगांनी त्यावर प्रश्नचिन्ह लावले आहे. सेल्युलोजचे आखूड तुकडेही अशीच वर्दी देतात.

रस शोषणाऱ्या किडींची गोष्ट वेगळी. मावा किंवा पिठ्या ढेकूण पान फाडत नाही. बारीक सोंड पेशींच्या मधून सरकवत रसवाहिनी गाठतो, त्यामुळे मोडतोड कमी होते. २०१० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवरचे अनेक जुने पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावात वाळले. ज्यांच्या सावलीत पिढ्या चालल्या ती झाडे डोळ्यांदेखत गेली, याचे दुःख अजून जात नाही. अशा किडींविरुद्ध काही वनस्पती कॅलोज हे दुसरे कर्बोदक वापरतात. भातावर तपकिरी तुडतुडे बसले की रसवाहिन्यांच्या चाळण्यांवर कॅलोज साचून रसाची वाट बंद होते. प्रतिकारक वाणांत ही बुचे टिकतात. बळी पडणाऱ्या वाणांत कॅलोज विरघळवणारे विकर वाढते आणि वाट पुन्हा मोकळी होते.

संरक्षणाला किंमतही पडते. इशारा फार काळ चालू राहिला तर वाढ थांबते, म्हणून काही विकरे या तुकड्यांचे ऑक्सिडीकरण करून त्यांचा प्रभाव उतरवतात. दुसरीकडे किडीही जुळवून घेतात : घाटे अळी प्रथिनरोधकांना न जुमानणारी वेगळी पाचक विकरे तयार करते.

शेतीत याच जातीचे उद्दीपक बाहेरून फवारण्याचे प्रयत्न चालू आहेत. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान हे वनस्पतीच्या भित्तिकेतले नव्हे. तरीही झाड त्याचे तुकडे ओळखते, कारण बुरशीच्या भित्तिकेत तशाच साखळ्या असतात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात कायटोसानच्या लांब साखळ्या गॅमा किरणांनी तोडून ते पिकांवर वापरण्याचे काम झाले आहे.