खासगी पैशांतला बोगदा फुकट नसतो

टोलचा नवा बोगदा खासगी कंपनीने बांधला की सरकारी तिजोरीवर आणि जनतेवर त्याचा भार पडत नाही, हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे. कंपनी पैसा उभा करते, दान करत नाही. तिचे कर्ज, त्यावरील व्याज आणि भागधारकांचा परतावा अखेर टोलमधून किंवा करांमधून वसूल होतो, आणि सरकारला सहसा कमी व्याजाने कर्ज मिळत असल्यामुळे खासगी भांडवल बहुधा महागच पडते.

खासगी गुंतवणुकीचा खरा लाभ असतो तो जोखीम दुसऱ्याच्या माथी जाण्यात. सिडनीतील क्रॉस सिटी टनेल २००५ मध्ये खुला झाला. रोज सुमारे ९० हजार वाहनांचा अंदाज असताना प्रत्यक्षात साधारण एक तृतीयांशच आली आणि २००६ च्या अखेरीस प्रकल्पावर रिसीव्हर, म्हणजे कर्ज थकल्यावर मालमत्तेचा ताबा घेणारा व्यवस्थापक, नेमावा लागला. हा फटका गुंतवणूकदारांना बसला, हे मान्यच करायला हवे. मात्र बोगद्यासोबत वरचे काही रस्तेही अरुंद करण्यात आले होते, आणि त्याचा मनस्ताप टोल न भरणाऱ्यांनाही झाला. शिवाय करारात किमान उत्पन्नाची सरकारी हमी असेल, तर वाहने कमी आल्याची भरपाई पुन्हा करदात्यालाच करावी लागते.