मांड्याची कणीक पाण्यात धुतल्यावर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खान्देशातल्या किराणा दुकानांत गहू आणि हरभऱ्याच्या डाळीची मागणी वाढते. त्याच फळीवर अलीकडे ‘ग्लुटेनमुक्त’ असा ठळक शिक्का मारलेली तांदळाची पाकिटेही दिसू लागली आहेत. तांदळात ग्लुटेन मुळातच नसते. त्यामुळे या शिक्क्यातून बहुतेकांना नवी माहिती काहीच मिळत नाही, मात्र ग्लुटेन म्हणजे काहीतरी घातक द्रव्य आहे हा गैरसमज पक्का होतो. ज्या मुलखात पुरणाचे मांडे हातावर फिरवून खापरभर, म्हणजे ते भाजण्याच्या पालथ्या मातीच्या भांड्याएवढे, मोठे केले जातात, तिथल्या मुलांनी तरी हे द्रव्य स्वतःच्या हाताने ओळखावे, असे मला मनापासून वाटते.

घरातली मोठी माणसे कणीक तिंबत असताना मुलाला लिंबाएवढा गोळा द्यावा, तो अर्धा तास झाकून ठेवायला सांगावा आणि मग पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने चोळायला लावावा. पाणी पांढरेफटक होते. ते बदलत राहिले की शेवटी मुठीत पिवळसर करडा, चिवट गोळा उरतो. तो ओढला तर लांबतो आणि सोडला तर आखडतो. हेच ग्लुटेन. इटलीतील बोलोन्याचे शास्त्रज्ञ जाकोपो बेक्कारी यांनी गव्हाचे पीठ असेच धुऊन केलेल्या प्रयोगाचे वर्णन 1745 साली प्रसिद्ध झाले. पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा साका म्हणजे स्टार्च. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला आणि शिजल्यावर वाटीत गरमगरम मिळावा म्हणून मुले ज्याच्याभोवती घुटमळतात, तो चीकही मुख्यतः हाच.

गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा प्रथिनांचा असतो आणि त्यांत ग्लायडिन व ग्लुटेनिन हे दोन गट महत्त्वाचे आहेत. पाणी मिळाले की ही प्रथिने फुगतात आणि एकमेकांना धरतात; त्यातूनच ग्लुटेन बनते. ग्लुटेनिनच्या लांब साखळ्या गंधकाच्या दोन अणूंमधील बंधांनी, म्हणजे डायसल्फाइड बंधांनी, एकमेकींशी जोडलेल्या असतात. तिंबताना ताणाखाली त्यांतले काही बंध तुटतात, मोकळा झालेला गंधक शेजारच्या साखळीतल्या गंधकाशी नवा बंध जोडतो, आणि ही अदलाबदल सतत होत राहिल्याने साखळ्यांचे एकसंध जाळे तयार होऊन कणकेला लवचिकपणा येतो. ग्लायडिनचे रेणू आकाराने आटोपशीर असतात आणि त्यांचे गंधकबंध त्या रेणूच्या आतच गुंतलेले असतात. त्यामुळे ते साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. मांड्याला हे दोन्ही गुण लागतात, कारण नुसत्या लवचिकपणाने पोळी पसरताच आखडेल आणि नुसत्या सरकण्याने ती पुरणाच्या भाराखाली फाटेल. भिजवलेली कणीक मुरू देतात ती तिंबताना साठलेला ताण उतरावा म्हणून. दळण्याआधी गहू ओलवण्यामागेही कारण आहे: ओलाव्याने कोंडा चिवट होतो, त्याचा भुगा न होता मोठे पापुद्रे सुटतात आणि पीठ कापडातून गाळताना ते वर राहतात. कोंड्याचे अणकुचीदार कण पिठात उरले, तर जाळे नेमके तिथे तुटते. म्हणून मांडा फाटला की नजर लागली असे समजून मीठमोहरी ओवाळण्यापेक्षा गाळणी, पाणी आणि मुरण्याचा वेळ तपासावा.

ज्वारीच्या पिठाचा गोळा असाच धुतला तर मुठीत असे काहीच उरत नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी लाटून ताणता येत नाही, ती थापावी लागते, त्याचे मूळ इथे आहे. पिठात गरम पाणी घातले की थोडा स्टार्च चिकट होऊन तेवढ्यापुरता आधार देतो.

मुलांनी कच्ची कणीक तोंडात घालू नये, कारण कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात. तापलेल्या खापरापासूनही त्यांना हातभर लांबच बसवावे. सीलियाक हा आजार मात्र खरा आहे. जगात सुमारे शंभरातल्या एकाला तो असतो आणि त्यात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. अशा मुलाला मांडा तर चालत नाहीच, पण गव्हाची कुरडईही चालत नाही, कारण चिकात थोडे ग्लुटेन राहतेच. त्याच्यासाठी आमरस, डाळीचे पुरण आणि ज्वारीची भाकरी असा बेत करावा, आणि ते ज्वारीचे पीठ गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर दळलेले नसावे.