नजर प्रश्नाच्या मागे जाते

मॉस्कोच्या ट्रेत्याकोव्ह कलासंग्रहालयात इल्या रेपिन या रशियन चित्रकाराचं एक गाजलेलं चित्र आहे. हद्दपारीत दिवस काढलेला एक माणूस काही न कळवता अचानक घरात पाऊल टाकतो, तो क्षण रेपिननं पकडला आहे. म्हातारी आई खुर्चीतून अर्धवट उठली आहे, पियानोपाशी बसलेली बायको वळून पाहते आहे, टेबलाशी मुलं आहेत, दारात मोलकरीण.

आल्फ्रेड यारबस या सोव्हिएत शास्त्रज्ञानं हे चित्र प्रयोगशाळेत नेलं. बघणाऱ्याच्या डोळ्यावर तो हवा शोषून घट्ट चिकटणारी एक छोटी टोपी बसवायचा. तिच्यावर इवलासा आरसा असे. डोळा हलला की आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका हले आणि कागदावर नजरेचा माग उमटे. एकाच माणसाला त्यानं हे चित्र सात वेळा दाखवलं, दर वेळी तीन मिनिटं. पहिल्यांदा नुसतंच ‘बघा’ म्हटलं, नंतर मात्र दर वेळी वेगळं काम दिलं. या माणसांची वयं काय असतील, असं विचारलं तेव्हा नजर चेहऱ्याचेहऱ्यांवरून फिरली. घरची परिस्थिती कशी असेल, म्हटल्यावर ती सामानसुमानाकडे आणि कपड्यांकडे वळली. हा माणूस किती काळ घराबाहेर होता, या प्रश्नाला ती आलेल्याच्या आणि घरच्यांच्या चेहऱ्यांमध्ये येरझाऱ्या घालू लागली. चित्र तेच, डोळे तेच, पण सात वेळी कागदावर सात निराळी जाळी उमटली. यारबसचं या प्रयोगांवरचं पुस्तक १९६५ साली निघालं. त्यातली ती रेषांची जाळी मला मूळ चित्राइतकीच सुंदर वाटतात, कारण मनात आलेला प्रश्न इतका उघड क्वचितच दिसतो.

नजरेला असं धावावं का लागतं, याचं उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटलाच्या मधोमध असलेल्या एका चिमुकल्या खळग्यातच खरी तीक्ष्ण दृष्टी असते. हात लांब करून अंगठा समोर धरला तर अंगठ्याच्या नखाएवढाच काय तो भाग पूर्ण स्पष्ट दिसतो, बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सेकंदाला साधारण तीनदा उडी मारतो आणि मेंदू या तुकड्यांमधून सलग जग उभं करतो. पुढची उडी कुठे घ्यायची हे काही अंशी समोरचं दृश्य ठरवतं आणि बरंचसं आपल्याला काय जाणून घ्यायचं आहे ते.

या धूसरपणाचाही चित्रकारांनी उपयोग करून घेतला आहे. मोनालिसाचं हसू ओठांवर नजर रोखली की विरतं आणि डोळ्यांकडे पाहिलं की परत येतं. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी २००० साली त्याचा उलगडा केला: ते हसू गालांवरच्या मऊ छायांमध्ये आहे आणि अशा ढोबळ छाया नजरेच्या कडेला जास्त चांगल्या टिपल्या जातात. लिओनार्दोनं हे केवळ निरीक्षणाच्या बळावर साधलं.

प्रश्नाचा परिणाम नजरेवर थांबत नाही. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले. उत्तर मिळायला १४ सेकंद थांबायचं आणि मधे एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला जायचा. ज्या उत्तराची उत्सुकता होती ते जास्त लक्षात राहिलं, यात नवल नाही. पण त्या उत्सुकतेच्या काळात दिसलेला, प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेला चेहराही अधिक लक्षात राहिला! त्या वेळी घेतलेल्या मेंदूच्या स्कॅनमध्ये डोपामिन या रसायनाशी निगडित भाग आणि आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस अधिक सक्रिय दिसले. अशा स्कॅनमधल्या रंगीत ठिपक्यांवरून मन ‘सापडलं’ असं म्हणण्याची घाई मला पटत नाही. पण कुतूहल जागं असताना मेंदू आजूबाजूचंही वेचून घेतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मेंदूविज्ञानाचा पायाच मुळी अशा एका चित्रवेड्या माणसानं घातला. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश मुलाला चित्रकार व्हायचं होतं. डॉक्टर असलेल्या वडिलांना ते मान्य नव्हतं. शरीरशास्त्राची गोडी लागावी म्हणून त्यांनी मुलाला दफनभूमीत नेऊन हाडं गोळा केली आणि त्यांची चित्रं काढायला लावली. पुढे १८८७ साली माद्रिदमध्ये काहालनं सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी पाहिली. कामिल्लो गॉल्जी या इटालियन वैद्यानं १८७३ साली शोधलेल्या चांदीच्या क्षाराच्या प्रक्रियेनं मेंदूतल्या मोजक्याच पेशी त्यात रंगल्या होत्या, पण ज्या रंगल्या त्या पार टोकापर्यंत काळ्याभोर.

गॉल्जीला त्या रेषांत एक अखंड जाळं दिसलं. काहालचा प्रश्न निराळा होता: हा धागा नेमका संपतो कुठे? त्यानं प्रौढ मेंदू बाजूला ठेवून भ्रूणांचा आणि पिल्लांचा मेंदू निवडला, कारण तिथे तंतूंवर चरबीचं आवरण अजून चढलेलं नसतं आणि रंग नीट बसतो. घनदाट अरण्य समजून घ्यायचं तर झाडं रोपं असतानाच पाहावीत, असा त्याचा विचार. १८८८ साली पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या छोट्या भागात, त्याला दिसलं, की तंतू दुसऱ्या पेशीला वेढा घालतात, तिला टेकतात, पण तिच्यात विरून जात नाहीत. प्रत्येक पेशी स्वतंत्र. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं आणि गॉल्जीनं स्वीकारताना केलेल्या भाषणात काहालच्या सिद्धान्तावरच हल्ला चढवला. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसायला १९५० च्या दशकातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. तोवर दोघंही हयात नव्हते.

काहालची चित्रं ३,००० च्या घरात आहेत. ती नुसत्या नकला नव्हेत. तो तासन्‌तास पाही आणि मग अनेक काचपट्ट्यांतलं आठवून एकच चित्र रचत असे. त्यातल्या कितीतरी आकृत्यांमध्ये पेशींच्या शेजारी बारीक बाण काढलेले आहेत. संदेश कोणत्या दिशेनं वाहतो, हे सांगणारे. काचपट्टीवरची पेशी तर मेलेली, तिच्यात काहीच वाहत नव्हतं. काहालनं दृष्टिपटलापासून सुरुवात केली: प्रकाशाचा संदेश डोळ्याकडून मेंदूकडेच जाणार, मग पेशीचं कोणतं टोक घेणारं आणि कोणतं देणारं हे ओळखता येतं. तोच नियम त्यानं पुढे इतर पेशींना लावला आणि टाकानं शाईचे ते बाण काढत गेला.