एक पंचमांश सेकंदाचे नाटक

दोन कलाकार रिकाम्या रंगमंचावर येतात, प्रेक्षकांकडून एखादा शब्द मागून घेतात आणि त्या एका शब्दावरून संपूर्ण विनोदी प्रयोग जागच्या जागी उभा करतात. अशा इम्प्रॉव्ह प्रयोगानंतर ‘हे सगळे आधीच ठरलेले असणार, नाहीतर इतक्या झटपट उत्तरे सुचतील कशी’ ही शंका हमखास ऐकू येते. मात्र उत्तराचा नुसता वेग हा संहितेचा पुरावा ठरू शकत नाही, कारण त्याच वेगाने आपण सगळेच रोज बोलत असतो.

तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांमधील संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात होय-नाही स्वरूपाचा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा सरासरी अवधी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे एक पंचमांश सेकंद, आढळला. याउलट समोरचे चित्र पाहून त्याचे नुसते नाव उच्चारण्यास आपल्याला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ असा की, समोरच्याचे वाक्य संपण्याची वाट पाहून मगच विचार सुरू केला, तर उत्तर वेळेवर येणे शक्यच नाही. ते आधीपासूनच आकार घेत असले पाहिजे.

पण वाक्य केव्हा संपणार, हे ऐकणाऱ्याला आधी कसे कळते? डी रॉयटर, मिटरर आणि एनफिल्ड यांनी २००६ मध्ये डच संभाषणांचे तुकडे ऐकवून, बोलणे संपेल त्या क्षणी बटण दाबण्यास श्रोत्यांना सांगितले. आवाजाचा चढउतार सपाट केला तरी श्रोत्यांचा अंदाज जवळजवळ तितकाच अचूक राहिला. चढउतार ठेवून शब्द ओळखू येईनासे केले, तेव्हा मात्र तो ढासळला. म्हणजे या अंदाजाची मुख्य भिस्त सुरापेक्षा शब्दांवर आणि वाक्यरचनेवर असते. पुढे २०१५ मध्ये सारा ब्योगेल्स यांच्या गटाने प्रश्नोत्तरांच्या वेळी मेंदूतील विद्युत्-संकेत नोंदवले, तेव्हा उत्तर ठरवण्यापुरती माहिती प्रश्नाच्या मध्यावर मिळाली, तर उत्तराची जुळणीही प्रश्न चालू असतानाच, अर्ध्या सेकंदाच्या आत सुरू होते असे दिसले.

इम्प्रॉव्हमधील खरी कसोटी मला इथे दिसते. रोजच्या बोलण्यात आपला अंदाज बहुधा खरा ठरतो, त्यामुळे आगाऊ तयार झालेले उत्तर खपून जाते. रंगमंचावर मात्र प्रेक्षकांनी ‘शिडी’ हा शब्द दिला, एकाने मनात घराला रंग देण्याचा प्रवेश योजला आणि दुसरा म्हणाला, ‘डॉक्टर, रुग्ण अजून वरच आहे’, तर पहिल्याला आपली निम्मी जुळलेली योजना त्याच क्षणी टाकून डॉक्टर व्हावे लागते. समोरच्याने मांडलेले स्वीकारायचे आणि त्यात भर घालायची, हा या कलेचा ‘येस, अँड’ नावाचा मूलभूत नियम इथे उपयोगी पडतो, कारण मान्य झालेल्या प्रत्येक गोष्टीमुळे पुढे काय म्हणता येईल याच्या शक्यता कमी होतात आणि दोघांनाही एकमेकांचा अंदाज बांधणे सोपे जाते. आपण कोण आहोत, कुठे आहोत आणि आपले नाते काय, हे सुरुवातीलाच ठरवण्यावर प्रशिक्षणात इतका भर असतो तो, माझ्या मते, यामुळेच.

या क्षमतेचे श्रेय ‘सर्जनशील उजव्या मेंदू’ला किंवा कलाकारांमधील एखाद्या गूढ लहरीला देण्याची हौस मात्र सोडली पाहिजे. चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन यांनी २००८ मध्ये सहा जॅझ पियानोवादकांच्या मेंदूची चित्रे घेतली. उत्स्फूर्त वादनाच्या वेळी कपाळामागच्या भागाचा मधला पट्टा अधिक सक्रिय झाला आणि स्वतःवर देखरेख ठेवण्याशी जोडला जाणारा बाजूचा पट्टा मंदावला, तोही दोन्ही गोलार्धांत. शिवाय ते वादक यंत्रात एकेकटे वाजवत होते, त्यामुळे दोन माणसांच्या संवादाबद्दल या चित्रांवरून फार काही सिद्ध होत नाही.